न मोजलेला कोपरा

मला पाण्याची भीती वाटते. विहिरीत मी डोकावत नाही, आणि एसटी पुलावर आली की पदराच्या टोकाशी चाळा करत खाली मान घालून बसते. लोकांना वाटतं, लहानपणी ही कधीतरी बुडता बुडता वाचली असणार. तसलं काही झालेलं नाही. माझी भीती आलेखाच्या कागदावर सुरू झाली, त्यातल्या एका कोपऱ्यात, आणि ती मी स्वतःच्या हाताने, चांगल्या वळणदार अक्षरात लिहून ठेवली होती.

त्या मोठ्या दुष्काळात मला नोकरी लागली. गावोगावची माणसं खडी फोडायला जात होती, आणि मी आयटीआयचा दाखला घेऊन हिंगोलीत तलावांची कामं पाहणाऱ्या एका ऑफिसात ट्रेसर म्हणून रुजू झाले. जिल्हा तेव्हा परभणीच होता. ट्रेसरचं काम म्हणजे इंजिनीअरने पेन्सिलीने काढलेला नकाशा शाईने स्वच्छ उतरवून काढायचा. आमच्या घरातली ही पहिली पगाराची नोकरी. ऑर्डर मात्र टेंपररी. दर तीन महिन्यांनी नवी निघायची, आणि ती निघेपर्यंत माझा जीव टांगणीला. ऑफिसात बाई मी एकटी. चूक झालीच तर ती आधी बाईची चूक होणार आणि मग आमच्या वस्तीची, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणून मी चूक करत नसे. निदान मला तसं वाटायचं.

माझ्यावर एक आरेखक होते. सगळं ऑफिस त्यांना मास्तर म्हणायचं. पंचावन्न उलटलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि तोंडात दिवसभर सुपारी. माझ्या प्रत्येक कागदावर खाली त्यांची सही व्हायची. माणूस वाईट नव्हता. पण भित्रा होता, आणि भित्र्या माणसाच्या हाताखाली भित्री मुलगी म्हणजे काय होतं ते पुढे येईलच.

दुष्काळी कामात सेनगावच्या पलीकडे एका नाल्यावर तलाव बांधायचं ठरलं. तलाव भरला की कुठली जमीन बुडणार आणि कुठली उरणार ते आधी कळायला हवं. रीतसर करायचं तर समान उंचीच्या रेषा काढायच्या असतात. पण वरून घाई होती, आणि आमचे साहेब नवे, तरुण, हुशार. त्यांनी सोपी युक्ती काढली. मोजणीवाल्यांनी त्या सगळ्या रानाचे तीस-तीस मीटरचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर उंची घेतली होती. ती उंची वहीत बघायची आणि आलेखाच्या कागदावर तेवढाच एक लहान चौकोन धरायचा. भरल्या तलावाच्या पातळीच्या खाली असेल तर निळा रंगवायचा, वर असेल तर कोरा सोडायचा. मी आठ दिवस रंगवत होते. उन्हाळ्याचे दिवस, बाहेर प्यायला पाणी नाही, आणि मी निथळत्या घामाने कागदावर निळा तलाव भरून राहिलेली.

त्यानंतरचं काम अवघड होतं. कोरे चौकोन एकमेकांना लागून लागून तुकडे तयार होतात. प्रत्येक तुकड्याला वेगळा नंबर द्यायचा. तलावाभोवतालचं मोठं रान म्हणजे एक नंबर. त्याला न लागलेला प्रत्येक कोरा तुकडा म्हणजे बेट. बेटावर घरं असतील तर त्यांना नोटीस द्यायची, पैसे द्यायचे, तलाव भरायच्या आत उठवायचं. एक नंबरात जे येतील त्यांना काहीच करायचं नाही, ते सुखात.

नंबर द्यायची रीत मास्तरांनी मला सांगितली. वरच्या ओळीपासून सुरुवात करायची, डावीकडून उजवीकडे जायचं. कोरा चौकोन आला की त्याच्या आधीच्या शेजाऱ्यांकडे बघायचं. एखाद्याला नंबर असेल तर तोच याला द्यायचा. कुणालाच नसेल तर नवा नंबर. कधीकधी खाली आल्यावर कळतं की आपण ज्यांना दोन नंबर दिले ते मुळात एकच आहेत, खालून जोडलेले. मग समासात लिहायचं, 'पाच = दोन', आणि सगळा कागद झाला की दुसऱ्या फेरीत हिरव्या शाईने सगळे पाच खोडून दोन करायचे. मला हे काम फार आवडलं. परवा माझी भाची कॉम्प्युटरवर फोटो दाखवत होती. फोटोतले लहान लहान ठिपके मशीन असेच जोडून जोडून वेगळे आकार करतं, म्हणाली, आणि असेच नंबर देतं. फक्त आधी सांगावं लागतं, शेजारी चार धरायचे की आठ? बाजूचे चारच, की कोपऱ्यांचेही? मी "चार!" असं इतक्या जोरात ओरडले की तिच्या हातातला चहा सांडला.

कारण तेव्हा मी आठ धरले होते. मास्तरांनी शेजारी म्हणजे कोण ते सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मला विचारायची गरजच वाटली नाही. मी कुरुंद्याच्या बाजूची. आमची वस्ती गावाबाहेर, आणि चारी बाजूंनी दुसऱ्यांची शेतं. आम्हाला वाट अशी नव्हतीच. शाळेला, विहिरीला, कामाला, सगळीकडे धुऱ्याधुऱ्याने जायचं. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. माझा बा रोज सकाळी एकच सांगायचा, "पोरी, धुऱ्यावरून जाय. कोपऱ्यातून वळ. कुनाच्या पिकात पाय पडू देऊ नगंस." चार शेतांचे कोपरे जिथे भेटतात तिथे आम्ही एक ढांग टाकून पलीकडे जायचो, कुणाच्याही पिकाला न शिवता. पाय पिकात पडला तर शिव्या बसायच्या, कधी काठीही. कोपरा हीच आमची हक्काची वाट. कोपऱ्याला कोपरा लागला म्हणजे वाट आहे, हे मी चालायला लागल्यापासून पायांनी शिकले होते. आयटीआयचं शिक्षण त्याच्यापुढे काय टिकणार!

त्या कागदावर एक टेकडी होती. तिला मी आधी सहा नंबर दिला होता. खाली येता येता तिचा एक चौकोन आणि एक नंबराचा एक चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून भेटले. त्या कोपऱ्यावरचे उरलेले दोन चौकोन निळे. मी समासात लिहिलं, 'सहा = एक', आणि दुसऱ्या फेरीत टेकडीवरचे सगळे सहा खोडून एक केले. मास्तरांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि सही केली.

टेकडीवर बंजारा तांड्यातली चार घरं होती. मूळ तांडा दूर, पण ही चार घरं जनावरांच्या सोयीने इकडे येऊन राहिलेली. त्यांतली एक म्हातारी बाजाराच्या दिवशी हिंगोलीत लाकडाची मोळी आणि डिंक विकायला यायची. मी तिच्याकडूनच जळण घ्यायचे. तांड्यात आईला याडी म्हणतात, मीही तिला याडीच म्हणायचे. ती मला बाई म्हणायची, आणि लाडात आली की पोरी. मी 'नकाशाच्या हापिसात' आहे हे कळल्यावर ती एक दिवस मोळी दाराशी ठेवून सरळ आत आली. साहेबांच्या शिपायाने हटकलं तर त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाई, तळं होऊन राहिलं म्हनतात. आमाला उठावं लागंल का?"

मी कपाटातून तो कागद काढला. मोठ्या ऐटीत टेबलावर पसरला. टेकडीवर बोट ठेवलं. "याडी, तुमची टेकडी एक नंबरात आहे. जमिनीला लागून आहे. तुम्हाला उठायची गरज नाही."

तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बराबर पाह्यलंस ना?"

"बरोबर पाहिलं."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि मोळी उचलून गेली. त्या दिवशी मला स्वतःचा भारी अभिमान वाटला. आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटलं. होतंच.

दोन वर्षं गेली. तलाव बांधून झाला आणि नाल्याच्या तोंडाशी शेवटची भरही पडली. त्या वर्षी श्रावण संपता संपता पाऊस लागला तो उघडेचना. ऑफिसचं छत गळत होतं. त्या गळतीत जुने कागद भिजले, आणि साहेबांनी मला तलावाचा नकाशा नव्याने उतरवून काढायला सांगितलं. या वेळी फक्त पाण्याची कड, एकच निळी रेघ. सोपं काम. मी पेन बुडवलं आणि कडेकडेने रेघ ओढत निघाले. टेकडीच्या जवळ आले. कोपऱ्याशी आले, आणि माझा हात थांबला.

रेघ कोपऱ्याला आली, तिथून टेकडीला सगळा वळसा घालून परत त्याच कोपऱ्याला आली. तिथे ती स्वतःलाच शिवत होती. म्हणजे या बाजूला पाणी, त्या बाजूला पाणी. आणि मध्ये जमीन किती? मी पट्टी ठेवून पाहिली. जी गोष्ट पट्टीने मोजायची नसते तीही माणूस भीतीपोटी मोजतो. जमीन शून्य होती. ज्या वाटेने मी चार घरं गावाला जोडली होती, तिची रुंदी शून्य होती. माझ्या बापाच्या धुऱ्याला निदान हातभर रुंदी असायची, आजूबाजूच्या शेतांपेक्षा तो उंच असायचा. आलेखाच्या रेघेला कुठली रुंदी आणि कुठली उंची?

पेनातून शाईचा थेंब पडला, तो नेमका कोपऱ्यावर. मी उंचीची वही काढली. त्या कोपऱ्यावर उंची घेतलेलीच नव्हती. उंच्या सगळ्या चौकोनांच्या मध्यावर. कोपरा कुणी मोजलाच नव्हता. तिथे खळगा आहे की उंचवटा, हे जगात कुणालाही माहीत नव्हतं, आणि मी दोन आडव्या रेघा मारून सहा म्हणजे एक असं ठरवून टाकलं होतं.

मी कागद मास्तरांकडे नेला. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, कागद डोळ्यांना लावला. कागद खाली आला तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरलेला. सुपारी चघळायचीही थांबली होती.

"बाई, हे आत्ता वर न्यायचं न्हाई," ते हळूच म्हणाले. "पाऊस उघडला की मोजणीवाला धाडू. तळं अजून भरलं कुठं? एवढं पानी कधी भरत अस्तं का पहिल्याच साली?"

"मास्तर, तिथं घरं आहेत."

"खाली सही माझी हाय, आन अक्षर तुमचं. तुमची ऑर्डर येत्या महिन्यात निघायची हाय. इचार करा."

मी विचार केला. म्हणजे काय केलं, तर मूग गिळून जागेवर जाऊन बसले. हे लिहिताना आजही मान वर होत नाही. संध्याकाळी शिपाई निरोप घेऊन आला की तलाव झपाट्याने चढतोय, सांडव्याला दोन हात उरलेत. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. खोलीवर गेले, चूल पेटवायला जळण ओढलं, तर ते याडीचंच. चूल पेटवली नाही.

सकाळी शेजारणीजवळ रजेचा कागद दिला, आईला बरं नाही असं खोटं लिहून, आणि सेनगावची एसटी धरली. तिथून पुढे जीपमध्ये, मागच्या फळीवर, माझ्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू. जीपवाला रस्त्यातच थांबला, पुढे चिखल फार. शेवटचं मैल-दीड मैल मी चपला हातात घेऊन चालले. तोंडाला अशी कोरड पडली होती की भर पावसात मी पाणी पाणी करत होते.

चढावर आले आणि तलाव दिसला. मला कागदावरचा तलाव पाठ होता, एकेक चौकोन. प्रत्यक्षात तो कधी पाहिला नव्हता. तो काही निळा नव्हता, चहासारखा तांबडा होता. पण आकार तोच! माझाच नकाशा कुणीतरी रानावर अंथरून ठेवला होता. टेकडी ओळखली. धूर निघत होता, म्हणजे माणसं होती. आणि टेकडी जिथे रानाला टेकते तिथे उतार होता, खळगा. उंचवटा नव्हता. दोन्ही बाजूंनी पाण्याच्या दोन जिभा त्या खळग्यात शिरत होत्या. त्यांच्यात चार पावलांचं अंतर उरलं होतं.

मी पळत पलीकडे गेले. याडी छपराखाली बसून कडबा आत सारत होती. मला बघून ती हसली. "आगं, तू? या पावसात?"

"याडी, उठा. सगळे उठा. पाणी येतंय, वाट बंद होणार."

"दरसाल नाल्याला पानी येतं, उतरतं बी."

"हे उतरायचं नाही. हे तळ्याचं पाणी आहे. हे आणखी चढणार."

तिचा नवरा गोठ्यातून बाहेर आला. उंच, वाळका, डोक्याला लाल मुंडासं. "तूच ना आमाला म्हनली व्हतीस, टेकडी जमिनीला लागून हाय? मंग आता काहून उठायचं?"

इथे मी खरं बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, चूक माझी आहे. ऑर्डर, मास्तरांची सही, साहेबांचा चेहरा, माझी वस्ती, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. आणि मी म्हणाले, "मोजणीवाल्यांची चूक झाली. त्यांनी उंची चुकीची घेतली."

मोजणीवाले! मे महिन्याच्या उन्हात पायाला फोड येईस्तोवर मोजणीची साखळी ओढलेली माणसं. त्यांनी एकही उंची चुकीची घेतली नव्हती.

याडीने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि उठली. तिने आरोळी दिली तशी चारी घरांतून माणसं निघाली. अंथरुणं, भांडी, धान्याची पोती, शेळ्या, कोंबड्या. आम्ही खळग्याशी आलो तेव्हा दोन्ही जिभा एक झालेल्या. घोटाभर पाणी होतं, पण ओढ होती. बायका थबकल्या. खाली जमीन कुठे आहे, कुठे खोल आहे, दिसत नव्हतं.

मला माहीत होतं. वहीतल्या उंच्या मला तोंडपाठ होत्या. नाल्याच्या बाजूचा चौकोन दोन मीटर खोल, मागच्या बाजूचा मीटरभर. म्हणजे पाय मागच्या अंगाला धरूनच टाकायचा. पण हे ओरडून कुणाला कळणार? मी साडी खोचली आणि पाण्यात जाऊन कोपऱ्यावर उभी राहिले, जिथे पलीकडे एक ढांग टाकायची तिथे. "माझ्या या हाताने जा. या बाजूला कुणी जाऊ नका." मला पोहता येत नाही. पायाखालची माती सरकत होती. माणसं माझा खांदा धरून एकेक करून जात होती, आणि दर खेपेला मला वाटायचं, आता पडले. पाणी पोटरीला आलं. मग गुडघ्याला. ज्या बिंदूची उंची कुणी घेतली नव्हती ती शेवटी मी माझ्या पायांवर घेतली. मांडीपर्यंत आलं तेव्हा याडी शेवटची आली. माझे दात वाजत होते, सगळं अंग लटलट कापत होतं. तिने माझा दंड धरला आणि मला ओढत काठावर आणलं.

"म्हातारा?" मी विचारलं.

म्हातारा पलीकडेच उभा होता. त्याची गाय व्यायला झाली होती, त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. तिला पाण्यात घालणार नाही म्हणाला. याडीने हाका मारल्या, शिव्या दिल्या. त्याने हात हलवला आणि गोठ्याकडे वळला. थोड्या वेळाने त्या खळग्यात उतरायची कुणाची हिंमत राहिली नाही. टेकडी सुटी झाली. सहा नंबर.

शेवटची जीप चुकली तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात खोटं उघडं पडणार होतं. म्हणून मी निघाले. याडी काठावर बसून राहिली होती. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी सांडवा वाहू लागल्याचा निरोप आला. टेकडीबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मला विचारता आलं असतं. पण विचारलं तर, तुम्हाला कसं माहीत, हा प्रश्न येणार. जेवणाच्या सुट्टीत मी माझे सगळे जुने कागद काढून बसायचे आणि कोपरे शोधायचे. दोन सापडले. एका ठिकाणी नुसते दगड, दुसऱ्या ठिकाणी कुणाची तरी विहीर. ब्लेडने शाई खरवडून मी नवे नंबर टाकले. मास्तर मागे येऊन उभे राहिले, बघत राहिले, आणि त्यांनी खाली पुन्हा सही केली.

बाजाराचा दिवस आला. लाकडवाल्या बायका बसतात तिथे मी चारदा चक्कर मारली. याडी नव्हती. पुढच्या बाजारालाही नव्हती. मला म्हातारा दिसायचा. डोळे मिटले की हात हलवताना, आणि उघडे असले की कागदावरच्या प्रत्येक कोऱ्या चौकोनात. माझं वजन उतरलं. घरमालकीण म्हणाली, देवीचं काही तरी असेल, बघून ये. देवीचं नव्हतं. मी माणूस मारला होता अशी माझी खात्री झाली होती, आणि ते कुणाला कळेल ही भीती त्या माणसाच्या दुःखापेक्षा मोठी होती. हे सगळ्यात वाईट.

तिसऱ्या बाजाराला याडी आली. डोक्यावर मोळी, कमरेला डिंकाची गठडी. मोळी उतरवता उतरवता तीच बोलली.

"जित्ता हाय म्हातारा. दोन दिस टेकडीवर बसून व्हता. शेजारच्या गावात गुऱ्हाळाची काहील व्हती ना, गूळ आटवायची, तिच्यात बसवून आनला. वासरू मांडीवर घिऊन! गाय मागून दाव्यानं पोहत आली. घर गेलं, पर मानसं हायत."

मी तिथेच, भर बाजारात, मटकन खाली बसले आणि रडले. तिने डिंकाचा एक खडा माझ्या हातावर ठेवला. "तू आलीस म्हनून वाचलो, पोरी." तिला वाटतंय मी वाचवलं! मी मान खाली घातली.

पुढे टेकडीला सहा नंबर मिळाला. मी हिरव्या शाईने 'सहा = एक' खोडलं. साहेबांना मास्तरांनी काय सांगितलं मला माहीत नाही, पण त्या चार घरांना रीतसर बेट म्हणून उशिरा का होईना पैसे आणि जागा मिळाली. याडी दर बाजारी येत राहिली. कधी डिंक, कधी सीताफळं. पैसे घ्यायची नाही. प्रत्येक वेळी 'तू वाचवलंस' म्हणायची, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज हिला कुणी सांगितलं असेल. सीताफळाची बी थुंकतानासुद्धा मला चोरी केल्यासारखं व्हायचं. असं तीन वर्षं चाललं.

मग मी कायम झाले. कायम झाल्यावरच मला धीर आला, हे कबूल करायला लाज वाटते, पण तसंच झालं. त्या आठवड्यात याडी आली तेव्हा मी तिला खोलीवर नेलं, चहा दिला आणि एका दमात सांगून टाकलं. मोजणीवाल्यांची काही चूक नव्हती. नंबर मी दिला होता. वाट नव्हती तिथे मी वाट धरली.

तिने चहा पिऊन कप उपडा ठेवला. रागावली नाही, दचकलीही नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "त्या दिशीच कळलं. पान्यात उभी राहून तू कशी कापत व्हतीस! दुसऱ्याच्या चुकीपायी कुनी एवढं कापत न्हाई."

मी विचारलं, "मग तेव्हा काहून बोलली न्हाईस, याडी? तीन वर्षं?"

"बोलले असते तर तुजी भीती गेली असती," ती उठत म्हणाली. "आन मंग पुढच्या टेकडीवर तू गेली नसतीस."

तिने रिकामी गठडी झटकली, कमरेला खोचली आणि बाजाराकडे गेली. मी त्यानंतर तीस वर्षं नकाशे काढले. प्रत्येक कागदावर आधी कोपरे बघितले.